हिंगण्याच्या प्रायव्हेट लिमिटेडमधून भागीदार बाहेर पडतोय, शेअर्सचं काय करायचं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की कंपनीत दोघंच आहात, निम्मे-निम्मे शेअर्स, आणि मित्र आता पुण्याला चाललाय. नुसता राजीनामा घेऊन भागत नाही. डायरेक्टरपद आणि शेअर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजीनाम्यानंतर ३० दिवसांत डीआयआर-१२ (डायरेक्टर बदलल्याचं कंपनी निबंधकांना कळवणारा फॉर्म) भरायचा, पण शेअर्स त्याच्याच नावावर राहतात. ते दुसऱ्याच्या नावावर करायला एसएच-४ या शेअर हस्तांतरणाच्या फॉर्मवर देणारा-घेणारा दोघांच्या सह्या, मोबदल्याच्या ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी, आणि सह्या झाल्यापासून ६० दिवसांत तो कंपनीकडे जमा.

मात्र सगळे शेअर्स तुम्ही एकट्याने घेऊ नका. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन डायरेक्टर लागतातच. थोडे शेअर्स पत्नीच्या किंवा भावाच्या नावे घ्या, आणि दुसरा डायरेक्टर आधी नेमा, राजीनामा नंतर.

आता खरी गोम: बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज. माझा भागीदार बुटीबोरीच्या युनिटमधून बाहेर पडला तेव्हा कागद सगळे चोख होते, पण त्याची वैयक्तिक हमी तशीच राहिली. दोन वर्षांनी कर्ज थकलं आणि नोटीस त्याच्या घरी गेली. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. बँकेकडून हमीमुक्तीचं लेखी पत्र मिळेपर्यंत हिशेब पुरा झाला असं दोघांनीही मानू नका.

शेअर्सची किंमत मात्र सीएकडून ठरवून घ्या. बाजारमूल्यापेक्षा कमी भावात व्यवहार केला तर आयकराचा प्रश्न येऊ शकतो.