नवऱ्याबद्दल काहीच वाटत नाही, मग प्रेम संपलं का?

ही तक्रार समुपदेशनाच्या खोलीत जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. “तो वाईट नाही. पीत नाही, घराकडे बघतो. पण मला त्याच्याबद्दल काही वाटतच नाही.” ख्रिस्ती घरातली बाई असेल तर पुढे आणखी एक वाक्य येतं आणि खरं ओझं त्याचंच असतं: “देवासमोर वचन दिलंय, आणि मनातल्या मनात मी ते रोज मोडतेय.”

इथे मांडलेलं जोडपं एक नाही. अशा अनेक जोडप्यांचे तपशील एकत्र करून, बदलून ही हकिकत लिहिली आहे. लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं. बायको संडे स्कूलमध्ये शिकवते, नवरा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात पुढे. दोन वर्षांपासून त्याची आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. ‘प्रीती म्हणजे भावना नव्हे, निर्णय’ हे तिने उपदेशात ऐकलं होतं आणि मनावर घेतलं होतं. वर्षभर तिने निर्णय केला, प्रार्थना वाढवली, सेवा वाढवली. थकवा वाढला आणि अपराधीपणाही.

पहिल्या भेटीत दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं, आणि ते टाळू नये. एकेकट्याला सरळ विचारायचं: घरात कोणाची भीती वाटते का? कधी हात उचलला गेलाय का? पैसे, फोन, माहेरी जाणं यांवर बंधन आहे का? अंथरुणात जबरदस्ती होते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर जोडप्याचं एकत्र समुपदेशन सुरू करायचं नसतं, कारण खोलीत बोललेल्या शब्दाचा सूड घरी उगवला जातो. तिथे आधी सुरक्षिततेची सोय बघायची. या घरात तसं काही नव्हतं.

दुसरी चौकशी शरीराची. ‘काही वाटत नाही’ याच्या मुळाशी नैराश्य, थायरॉईड, रक्तक्षय, बाळंतपणानंतरचे बदल असू शकतात, किंवा नैराश्यावरची काही औषधंसुद्धा, कारण त्यांनी कामेच्छा कमी होते. हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय नात्याचं निदान करणं घाईचं ठरतं. हिचे अहवाल ठीक आले. मात्र रात्री सासूबाईंना कूस बदलून द्यायला ती दोनदा उठत होती, आणि सलग चार तासांची झोप तिला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

मग कागद. ‘प्रेम आहे का?’ या प्रश्नाला माणूस हो किंवा नाही म्हणतो आणि दोन्ही उत्तरं निरुपयोगी असतात. म्हणून एका पानावर चार रकाने पाडून दिले: माया, मैत्री, ओढ आणि स्वतः किंमत मोजून केलेलं भलं. गेल्या पंधरा दिवसांत या प्रत्येक रकान्यात बसेल असं काय घडलं ते लिहायचं. दोघांनी वेगळं बसून, एकमेकांना न दाखवता. भावना लिहायच्या नाहीत, घडलेली गोष्ट लिहायची.

तिच्या कागदावर पहिला आणि शेवटचा रकाना समासापर्यंत भरला होता. ओढीच्या रकान्यात फुली. मैत्रीखाली एकच ओळ: “पूर्वी भांडी आवरताना आम्ही बोलायचो.” त्याच्या कागदावर मैत्रीखाली लिहिलं होतं: “रोज बोलतो. तिच्याइतकं जवळचं मला कोणी नाही.” विचारल्यावर कळलं की त्याच्या लेखी ‘बोलणं’ म्हणजे शाळेची फी, औषधांची यादी, उद्या कोण कुठे जाणार. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तेवढं पुरत होतं. ती मात्र दोन वर्षं उपाशी होती.

हे चार प्रकार ख्रिस्ती शिकवणीत याच क्रमाने चार ग्रीक नावांनी येतात: स्टॉर्गे, फिलिया, इरॉस, अगापे. विभागणी कामाची आहे, पण तिची उतरंड केली की नुकसान होतं. अगापे तेवढं दैवी, बाकीचं देहाचं, असं मनात बसलं की माणूस मैत्री आणि ओढ वाळू देतो आणि त्याला पवित्रता समजतो. खुद्द शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द इतके कप्पेबंद नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानात पित्याचं पुत्रावरचं प्रेम एकदा अगापेच्या क्रियापदाने येतं (३:३५) आणि एकदा फिलियाच्या (५:२०). उलट जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक अनुवादात तामारेवर बलात्कार करणाऱ्या अम्नोनाच्या वासनेलाही अगापेचाच शब्द आहे (२ शमुवेल १३). म्हणजे शब्दाला सोवळं नेसवून भागत नाही, वागणूक बघावी लागते. इरॉस हा शब्द नव्या करारात येत नाही हे खरं, पण त्याचा विषय शास्त्राला वर्ज्य असता तर ‘गीतरत्न’ हे प्रेमकाव्य तिथे नसतं. त्या ग्रंथातली वधू आपल्या प्रियकराला ‘सखा’ही म्हणते (५:१६), ओढ आणि मैत्री एका दमात.

या जोडप्याला सांगितलं ते एवढंच: तुमचं प्रेम संपलेलं नाही, त्यातलं दोन प्रकारचं प्रेम उपाशी आहे. आणि ज्याला तुम्ही अगापे म्हणताय त्याचा बराचसा भाग निव्वळ सोसणं आहे.

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. पहिल्यांदाच ती चिडून बोलली, “मग सासूबाईंना तसंच पडू द्यायचं होतं का?” नाही. पण शेवटच्या रकान्यातल्या तिच्या नोंदींपुढे एकेक प्रश्न लिहायला लावला: हे मी मोकळेपणाने केलं, की नाही म्हणायची भीती वाटली म्हणून? अर्ध्याहून जास्त नोंदींपुढे तिने ‘भीती’ लिहिलं. मार्क १०:२१ मध्ये येशूने त्या श्रीमंत माणसाकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली असं आहे, आणि लगेच त्याला न आवडणारी गोष्ट तोंडावर सांगितली: असेल ते विकून गरिबांना दे. तो खिन्न होऊन निघून गेला तरी येशूने अट सैल केली नाही. ‘रात्री तू ऊठ, मला झेपत नाही’ असं नवऱ्याला सांगणं या प्रीतीत बसतं. न सांगता कुढणं बसत नाही.

नवऱ्याच्या बाजूचा हिशेब वेगळा. आईवर त्याची माया खरी होती, पण ती माया बायकोच्या हातांनी खर्च होत होती. १ तीमथ्य ५:४ मध्ये विधवा आईचे उपकार फेडण्याची जबाबदारी मुलांवर आणि नातवंडांवर टाकली आहे. म्हणजे आधी त्याच्यावर. इफिसकरांस ५:२५ हे वचन त्याला तोंडपाठ होतं, नवऱ्याने ख्रिस्ताप्रमाणे स्वतःला द्यावं. कधी, कसं, किती वाजता, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. ठरलं असं: आठवड्यातल्या चार रात्री तो आईच्या खोलीत झोपेल आणि ती दुसऱ्या खोलीत, दार लावून. उरलेल्या तीन रात्री ती.

पहिले दोन आठवडे एवढंच करायचं होतं. झोप झाल्याशिवाय मैत्रीचा अभ्यास देऊ नये, कारण थकलेला माणूस त्याचंही कर्तव्य करून टाकतो. आणि मैत्री थोडी तरी हलल्याशिवाय स्पर्शाचा देऊ नये. अनेक पुस्तकी कार्यक्रम पहिल्याच आठवड्यात ‘दोघांनी बाहेर फिरायला जा’ सांगतात. जाऊन बसतात, बोलायला काही नसतं, आणि ‘बघा, आमच्यात काहीच उरलेलं नाही’ याचा पुरावा घेऊन परत येतात.

तिसऱ्या आठवड्यापासून बोलणं सुरू. आठवड्यातून पाच दिवस, रोज वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. मुलं, पैसे आणि आईचं आजारपण हे तीन विषय बंद. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला दोघं गप्प झाले. हे बहुतेकांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. तेव्हा आधार म्हणून दोन प्रश्न दिले: आज कशाची चीड आली? आज कशाचं हसू आलं? एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि ‘बरोबर समजलो का?’ विचारायचं. मागितल्याशिवाय उपाय सांगायचा नाही.

इथेच गाडं अडलं. ती म्हणाली, “आज वर्गात मुलांसमोर मला एकदम रडू आलं.” तो म्हणाला, “प्रभूवर भार टाक.” वचन खरं, पण वेळ चुकली की तेच वचन दार लावून घेतं. बायबलातल्या, संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. नवऱ्याला नियम दिला की या वीस मिनिटांत वचन सांगायचं नाही, फक्त ‘मग पुढे काय झालं?’ विचारायचं. त्याला हे फार जड गेलं. मंडळीत सगळे त्याच्याकडे उत्तरासाठी येतात, त्यामुळे ऐकून घेणं म्हणजे काहीच न करणं असं त्याला वाटायचं.

दुसरी नेहमीची गडबड: वीस मिनिटांचं भांडणात रूपांतर होतं. म्हणून गाऱ्हाण्यांना वेगळी वेळ लागते. आठवड्यातून एकदा अर्धा तास, एका वेळी एकच गाऱ्हाणं आणि तेही ठरलेल्या साच्यात: अमुक झालं तेव्हा, मला असं वाटलं, पुढच्या वेळी हे करशील का? ‘तू नेहमी’ आणि ‘तू कधीच’ हे शब्द बाद. तिचा आक्षेप अपेक्षितच होता: करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय म्हणतो की प्रीती अपकार स्मरत नाही, मग गाऱ्हाणं कसं मांडायचं? पण लूक १७:३ मध्ये क्रम दिला आहे: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. अपकारांची वही ठेवू नये म्हणजे ती कधी उघडूच नये असं नाही. न उघडलेली वहीच जाड होत जाते. तिच्या मनात सात वर्षांपूर्वीच्या गर्भपाताच्या वेळची एक गोष्ट होती. तो त्या दिवशी मंडळीच्या सभेला गेला होता. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला तिला तीन मिनिटं लागली. तो त्यानंतर बराच वेळ बोलला नाही, आणि त्याने स्पष्टीकरण दिलं नाही हे फार बरं झालं.

ओढीचा विषय सर्वांत शेवटी आला. १ करिंथ ७:५ दोघंही वापरत होते, आपापल्या सोयीने. तो म्हणे, एकमेकांना वंचित करू नका असं लिहिलंय. ती रात्री उशिरापर्यंत प्रार्थनेला बसे, आणि त्या वचनात प्रार्थनेसाठी सूट आहेच. वचन पूर्ण वाचलं तर सूट आहे ती परस्पर संमतीने आणि थोड्या काळापुरती. आणि त्याच्या आधीचं चौथं वचन शरीरावरच्या अधिकाराविषयी पत्नीबद्दल जे म्हणतं तेच पतीबद्दलही म्हणतं. त्यात एकतर्फी मागणीला जागा नाही, तसंच न बोलता लपायलाही नाही.

अभ्यास असा: चार आठवडे शरीरसंबंध दोघांच्या संमतीने थांबवायचा. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं साधा स्पर्श, हात, पाठ, केस, पुढे काही होणार नाही या खात्रीने. ‘थांब’ म्हटलं की लगेच थांबायचं आणि कारण विचारायचं नाही. बंदीमुळे दडपण जातं. नकार देण्याची तयारी करत बसलेल्या शरीराला काही जाणवायला आधी सैलावं लागतं. यात चूक होते ती बहुधा दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा एकाला वाटतं की आता बरं चाललंय, जरा पुढे जायला हरकत नाही. एकदा असा शब्द मोडला की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागतं. या नवऱ्याने तो पाळला.

दहाव्या आठवड्यात तेच चार रकाने पुन्हा भरून घेतले. मैत्रीखाली तिने पाच नोंदी केल्या, त्यातली एक अशी: “तो आईच्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, तू हे दोन वर्षं कसं केलंस?” ओढीच्या रकान्यात फुली नव्हती, ‘कधीकधी’ असा एक शब्द होता. गर्भपाताच्या दिवसाबद्दलचा राग पूर्ण गेलेला नव्हता, त्यावर पुढे वेगळं काम करावं लागलं.

अशा वेळी नवरा यायलाच तयार नसेल तर बायकोने, किंवा उलट, एकट्याने काय करावं, हेही बरेच जण विचारतात. रकान्यांचा कागद एकट्यानेही भरता येतो. ‘भीती’ लिहिलेल्या नोंदींतली एक निवडा आणि तिच्यापुरती एकच स्पष्ट विनंती करा. ‘जरा मदत कर’ नको, ‘सोमवारी आणि गुरुवारी रात्री तू ऊठ’ अशी. सहा आठवडे थांबा. टाळाटाळच होत राहिली तर मत्तय १८:१६ प्रमाणे दोघांनाही मान्य असलेल्या एक-दोन प्रौढ व्यक्तींना सोबत घ्या. त्या दोघांकडच्या नात्यातल्या नसाव्यात आणि ऐकलेलं मंडळीत बोलून न दाखवणाऱ्या असाव्यात. व्यसन किंवा विवाहबाह्य संबंध असेल तर मात्र हा क्रम लागू पडत नाही. तिथे त्या विषयाचा अनुभव असलेल्या समुपदेशकाकडेच आधी जावं. आणि मारहाण असेल तर विनंती, सहा आठवडे, मध्यस्थ यांतलं काहीही न करता आधी सुरक्षित ठिकाणी जावं.