सॅक पाठीवर, मुक्काम महेश्वर

प्रश्न : आम्ही चौघं मित्र सॅक घेऊन माळव्यात निघालोय, बजेट कडकीचंच. महेश्वर एका दिवसात उरकतं का?

उत्तर : उरकेल हो, पण उरकू नका ना राव! इंदूरहून साधारण ९० किमी, बसने जा, धामणोदला बदलावी लागली तर बदला आणि एक रात्र नर्मदेच्या घाटाजवळच साध्या लॉजवर काढा. किल्ल्यात अहिल्याबाई होळकरांची गादी आहे, पांढरीशुभ्र साधी बैठक, १७९५ पर्यंत त्यांचा कारभार इथूनच चालला म्हटल्यावर जरा थांबून बघालच. मग हातमाग बघा, साडीच्या काठावर नर्मदेच्या लाटांची नक्षी असते. नावेतून नदीमधलं बाणेश्वर मंदिर कराच, फक्त भाव आधी ठरवा. आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पोहायचा शहाणपणा नको.