'द लॉक' या चित्राला दृक्प्रत्ययवादी म्हणता येईल का?

काटेकोरपणे पाहिल्यास म्हणता येणार नाही. दृक्प्रत्ययवाद (इंप्रेशनिझम) म्हणजे प्रकाश व रंगांचा क्षणिक ठसा सुट्या, मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणारी फ्रेंच चित्रशैली. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी हे चित्र 1824 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले, तर दृक्प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये भरले ते 1874 साली. कॉन्स्टेबल वारले तेव्हा या शैलीचे अग्रणी चित्रकार मोने जन्मालाही आले नव्हते.

तरीही आपला गोंधळ अनाठायी नाही. इंग्लंडच्या सफकमधील स्टूर नदीवरचे फ्लॅटफर्ड येथील लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली व पाण्याची पातळी चढवून-उतरवून नावेला वर-खाली नेणारी कोठी, हा या चित्राचा विषय आहे. खालच्या दाराची झडप उघडण्यासाठी एक माणूस पहारीवर सारा भार टाकून रेटतो आहे आणि पाणी उतरेपर्यंत नाव आत थांबली आहे. वडिलांची गिरणी तिथेच असल्यामुळे कॉन्स्टेबल यांना हे काम बालपणापासून परिचयाचे होते, आणि माझ्या मते ते त्या माणसाच्या पाठीच्या बाकातही दिसते. ओल्या लाकडावर व पानांवर चमकणारे पांढऱ्या रंगाचे ठिपके, ज्यांची तत्कालीन टीकाकारांनी 'बर्फ' म्हणून थट्टा केली, ते मात्र पुढच्या पिढीची चाहूल देणारे आहेत. मोने व त्यांच्याच गटातील चित्रकार पिसारो यांनी 1870-71 मध्ये लंडनमध्ये कॉन्स्टेबल यांची चित्रे पाहिली होती.

खऱ्या अर्थाने दृक्प्रत्ययवादी कालवाच पाहायचा असल्यास त्याच गटातील चित्रकार सिस्ले यांची पॅरिसच्या सॅं-मार्तॅं कालव्याची 1870 मधील चित्रे पाहावीत.