झाडाला नंबर कशाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जगातल्या बोटॅनिकल गार्डन्सवर छोटासा लेख आला आणि कोकणातून इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. जागेमुळे काही पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (गुहागर) : आजोबांनी तीन एकरात हौसेने झाडं लावली होती. आंबा, फणस, माड, पोफळी आहेतच, शिवाय सुरंगी, उंडी, ओवळ, भेरलीमाड, बिमला, निरफणस, आणि अशी काही झाडं की ज्यांची नावं आता घरात कोणालाच माहीत नाहीत. मुलगा म्हणतो बाबा हे आपलं आर्बोरेटम आहे. असं म्हणता येतं का? बोटॅनिकल गार्डन म्हणजे वेगळं काही असतं का? आणि परवानगी काढावी लागते का?

उत्तर : काका, मुलगा अर्ध्याहून जास्त बरोबर आहे. बोटॅनिकल गार्डनमध्ये सगळंच येतं, गवतं, ऑर्किडं, औषधी झाडपाला, पाण्यातल्या वनस्पती, काचघरातल्या वनस्पती, आणि आर्बोरेटम म्हणजे मुख्यतः झाडाझुडपांचा संग्रह. या दोघांतला फरक एवढाच. पण हे दोन्ही एका बाजूला आणि आपली साधी बाग दुसऱ्या बाजूला असं ठेवलंत तर खरा फरक आहे नोंदीचा. कुठलं झाड, कुठून आणलं, बी लावलं की कलम, कोणत्या साली लावलं, हे लिहिलेलं असलं की तो संग्रह, नाहीतर ती बाग, मग त्यात कितीही दुर्मीळ झाडं असू देत.

बॉस्टनमध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं आर्नल्ड आर्बोरेटम आहे, १८७२ सालचं. तिथे नोंदीतल्या झाडांवर नंबर असतो, आणि एकाच वेळी एकाच ठिकाणाहून आणलेली चार झाडं असतील तर नंबर एकच, पण पुढे ए, बी, सी अशी अक्षरं, म्हणजे ह्या झाडाचं काय झालं आणि त्याच्या भावाचं काय झालं हे वेगवेगळं कळतं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी चीनमधून आणलेल्या बियांची झाडं आज तिथे उभी असतील तर कोणत्या मोहिमेत कोणी आणल्या ते कागदावर सापडतं.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ही कोकणात फार महत्त्वाची आहे म्हणून सांगते. १८८२ साली बॉस्टन शहर आणि हार्वर्ड यांच्यात करार झाला, जमीन शहराच्या नावावर गेली आणि शहराने ती हार्वर्डला हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, भाडं वर्षाला एक डॉलर. हजार वर्षं! आणि आपल्याकडे सातबाऱ्यावर बारा नावं, त्यातली आठ मुंबईला, वाटणी झाली की मध्येच गडगा पडतो आणि ज्याच्या वाट्याला उंडी आली तो म्हणतो याचं उत्पन्न काय, तोडा. तेव्हा आजोबांची झाडं टिकवायची असतील तर आधी भावांना एकत्र बसवून, कोण बघणार आणि कोणतं झाड कोणी तोडायचं नाही, हे लिहून घ्या, लेबलं नंतर.

परवानगीचं म्हणाल तर वही करायला आणि पाटी लावायला कोणाची परवानगी लागत नाही. बाहेरून मान्यता हवी असेल तर आर्बनेट म्हणून एक जागतिक कार्यक्रम आहे, शिकागोजवळचं मॉर्टन आर्बोरेटम तो चालवतं. त्यांच्या पहिल्या पायरीला झाडाझुडपांच्या निदान २५ जाती लागतात, लेखी आराखडा लागतो, जबाबदारी घेणारी एखादी संस्था किंवा गट लागतो, देखभालीला माणसं लागतात (पगारी नसली तरी चालतात), आणि लोकांना येता आलं पाहिजे, वर्षातून निदान एखादा झाडांचा कार्यक्रम झाला पाहिजे. तुमच्या तीन एकरात पंचवीस जाती आरामात निघतील, कोकणातल्या कुठल्याही जुन्या आगरात निघतात.

प्रश्न (देवगड) : बियांच्या बँका असतात असं लेखात होतं. मग आंब्याच्या बाठी तिथे नेऊन ठेवल्या की झालं ना? आमच्याकडे रायवळ (बाठीपासून वाढलेले गावठी आंबे) तोडून सगळीकडे हापूस लावतायत, त्याबद्दल ओरड करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे, खूप आहे, आणि कारण बाठीतच आहे.

इंग्लंडमध्ये वेकहर्स्टला, लंडनच्या क्यू या बोटॅनिकल गार्डनची मिलेनियम सीड बँक आहे, २००० साली सुरू झाली. तिथे बिया आधी चांगल्या वाळवतात आणि मग उणे २० अंशाला ठेवतात, अशा कित्येक जातींच्या बिया वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पण वाळवलं की मरतं अशा बियाही असतात, आणि आपलं दुर्दैव म्हणा किंवा काही म्हणा, आंबा, फणस, रातांबा (कोकम), जायफळ, नारळ, सगळे त्यातलेच. आंब्याची बाठ वाळवून फ्रीझरला टाकलीत तर ती संपली. म्हणून या झाडांची बँक म्हणजे जमिनीत उभं असलेलं झाड. तुमच्या पाणंदीच्या कडेचा रायवळ तोडला आणि त्याचं कलम कुठे नसलं तर तो आंबा जगातून गेला, त्याची बाठ लावलीत तरी नेमका तोच आंबा परत येईल याची खात्री नाही.

याचं जुनं उदाहरण रबराचं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या साधारण ७०,००० बिया क्यूला आणल्या, त्याही अशाच न टिकणाऱ्या, त्यामुळे शेकडा चारच्या आसपासच रुजल्या. ती रोपं श्रीलंकेला आणि सिंगापूरला गेली आणि आशियातले रबराचे मळे मुख्यतः त्यातूनच वाढले. आज दोडामार्गात रबर दिसतं त्याचीही वंशावळ तिकडे जाते. ब्राझीलच्या हातातून तो धंदा गेला हेही विसरू नये, वसाहतीच्या काळात या बागांनी एका देशाची झाडं उचलून दुसरीकडे नफा मिळवायलाही मदत केलीय.

निरफणसाचं तर अजून पुढे. आपल्याकडे लावतात त्या निरफणसाला बी नसतंच, मुळातून फुटलेलं रोप काढून लावायचं. म्हणून हवाईत माउई बेटावर काहानू गार्डनमध्ये पॅसिफिकमधल्या बेटाबेटांवरून आणून १२० हून जास्त प्रकारचे निरफणस लावून ठेवलेत. तो अख्खा संग्रह म्हणजे उभी झाडं.

आणि हापूसवाल्यांनीच खरं तर दुसरे आंबे जपायला हवेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने रत्ना काढला तो नीलम आणि हापूस यांच्या संकरातून, हापूसला साका होतो (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो) तो रत्नाला होत नाही. मग रत्नाचा हापूसशी संकर करून सिंधू काढला, त्याची बाठ अगदी पातळ. नीलम कुणी जपला नसता तर हे कशातून काढलं असतं? उद्या उष्मा वाढला, मोहोर गळायला लागला, तर त्यावर टिकणारा गुण कदाचित एखाद्या आंबट बिटकीत असेल, आज सांगता येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाला १८८९ साली हिंदुस्तानातून मलगोबाची कलमं गेली होती, त्या मलगोबाच्या बाठीतून १९०२ साली लावलेलं एक रोप म्हणजे हेडन आंबा, आणि तिकडच्या बाजारात भरून असलेला टॉमी अॅटकिन्स त्या हेडनच्या वंशातला. एका झाडातून एवढं होतं.

तेव्हा ओरड तर कराच, पण तोडायच्या आधी एका चांगल्या कलमवाल्याला बोलावून दोन-तीन कलमं बांधून घ्या, आणि ती एकाच बागेत लावू नका.

प्रश्न (श्रीवर्धन) : निसर्ग वादळात आमच्या वाडीतली जुनी झाडं गेली. मोठमोठ्या गार्डनमध्ये असं झालं तर ते काय करतात?

उत्तर : ३ जून २०२० आठवलं की अजून कसंतरी होतं, पन्नास-पन्नास वर्षांच्या सुपाऱ्या एका दुपारी आडव्या झाल्या.

क्यूमध्ये १९८७ च्या ऑक्टोबरात एका रात्रीच्या वादळात ७०० च्या आसपास झाडं पडली. तिथे टर्नर्स ओक म्हणून १७९८ साली लावलेला ओक आहे, तो आधीपासूनच खंगलेला होता, वाऱ्याने तो मुळासकट वर उचलला गेला आणि परत तिथेच बसला. माणसांनी त्याला टेकू दिले आणि बाकीची आवराआवर करायला गेले, तीन वर्षांनी बघतात तर झाड आधीपेक्षा जोमदार. कारण काय, तर वर्षानुवर्षं लोकांच्या पायांनी बुंध्याभोवतीची माती दगडासारखी घट्ट झाली होती, मुळांना हवा आणि पाणी मिळत नव्हतं, वादळाने ती हलवून मोकळी केली. त्यानंतर ते जुन्या झाडांच्या मुळाशी दाबाने हवा सोडून माती मोकळी करायला लागले. तुमच्या देवळासमोरच्या पिंपळाला किंवा चिंचेला पारापर्यंत सिमेंट घातलंय का बघा, आणि बुंध्याला टेकून गाड्या लागतात का तेही बघा.

हावड्याला शिबपूरच्या बोटॅनिक गार्डनमधला मोठा वड तर ऐकून असाल. १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी त्याला मार बसला, मग बुरशी लागली आणि १९२५ साली मधलं मूळ खोडच काढावं लागलं. झाड आज पारंब्यांवर उभं आहे, पारंब्या ३,००० हून जास्त आहेत.

आपल्या माड-पोफळीचं मात्र वेगळं. त्यांना शेंड्यात वाढीचा एकच कोंब असतो, तो मोडला की झाड वाचत नाही, तिथे पैसे आणि वेळ घालवू नका. आंबा कलंडला असेल आणि एका बाजूची मुळं अजून जमिनीत असतील तर फांद्या कमी करून, उभा करून, माती आणि टेकू देऊन वाचू शकतो, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

प्रश्न (सावंतवाडी) : आमच्या गावची देवराई म्हणजे आर्बोरेटमच नाही का? तिथे वेगवेगळी झाडं आणून लावावीत असं काही तरुण म्हणतायत.

उत्तर : कृपा करून लावू नका. आर्बोरेटम माणसाने गोळा करून लावलेलं असतं, देवराई आपली आपण झालेली असते, त्यात वेली, बुरशी, पतेरा (गळून पडलेला पालापाचोळा), पडून कुजणारा ओंडका, सगळं त्या रानाचं आहे. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डेला जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, पाण्यात आधाराची मुळं रोवून उभी राहणारी झाडं, सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलंय. अशा ठिकाणी हौसेने गुलमोहर लावला किंवा पतेरा झाडून फरशी घातली तर जे आहे तेच बिघडतं. तरुणांना काम द्यायचंच असेल तर गावकर-मानकऱ्यांना विचारून, खाली पडलेल्या थोड्या बिया उचलून शाळेच्या आवारात रुजवायला सांगा, बी कुठल्या देवराईतलं ते लिहून.

प्रश्न (मालवण) : शाळेची सहल न्यायची आहे, परदेशात तर जाता येणार नाही.

उत्तर : वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आणि रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र, आधी फोन करून विचारा. घाट चढायची तयारी असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं बोटॅनिकल गार्डन. आणि मुंबईला गेलात तर राणीच्या बागेत फक्त प्राणी बघून परत येऊ नका, तिथली उर्वशी आणि गोरखचिंच मुलांना दाखवा.

प्रश्न (राजापूर, शिक्षिका) : शाळेच्या झाडांना पाट्या लावतो, पण एका पावसाळ्यात अक्षरं जातात. काय करावं?

उत्तर : बाई, रंग आणि मार्कर सोडून द्या. अॅल्युमिनियमची पातळ पट्टी घ्या आणि पंचने ठोकून फक्त नंबर उठवा, नाव वगैरे सगळं वहीत. तार खाऱ्या हवेत गंजते म्हणून स्टेनलेस स्टीलची घ्या, आणि खोडाला आवळून बांधू नका, खोड वाढलं की तार सालीत रुतते, एखाद्या फांदीला सैल लोंबकळती ठेवा. वहीत विहीर, गडगा, शाळेचा कोपरा धरून हाताने नकाशा काढा, वहीच्या पानांचे फोटो फोनमध्ये ठेवा. झाड मेलं तर त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका, कधी आणि कशाने मेलं ते लिहून नवीन झाडाला नवीन नंबर द्या. आणि शास्त्रीय नाव अंदाजाने लिहू नका, फुलं आली की पान-फूल-फळासकट फोटो काढून जवळच्या कॉलेजच्या बॉटनी विभागात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवून घ्या, तोपर्यंत गावात म्हणतात ते नाव पुरे.