कोऱ्या खोक्यातली बॅग आणि बिलावरची मुदत

प्रश्न : बायकोच्या वाढदिवसासाठी १ लाख ८६ हजारांची ब्रँडेड हँडबॅग ऑनलाइन मागवली. भेट कळू नये म्हणून नाव-चिन्ह नसलेल्या खोक्याचा पर्याय निवडला. ओटीपी देऊन पार्सल घेतलं, कपाटात ठेवलं आणि २१ दिवसांनी, काल, उघडलं. आत भलतीच कापडी बॅग. विक्रेता म्हणतो, ४८ तासांत कळवायला हवं होतं, शिवाय साधं पॅकिंग तुम्हीच मागितलंत. खोका रद्दीत गेला. काय करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कोरा खोका मागितला म्हणून आतली वस्तू बदलायची मुभा कुणाला मिळत नाही. त्यावर शब्द खर्च करत नाही. तुमचं प्रकरण बिलावर ठरेल. अशा पार्सलात किंमत उघड होऊ नये म्हणून बिल बहुधा ईमेलनेच येतं. ते आज उघडा आणि वस्तू परत घेण्याची मुदत त्यावर छापली आहे का, बघा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र त्याला मुदत आहे : बिलावर किंवा पावतीवर लिहिलेली, आणि तिथे काहीच नसेल तर ३० दिवस. ४८ तासांची अट बऱ्याचदा वेबसाइटच्या अटी-शर्तींत असते, बिलावर नसते. तसं असेल तर तुम्ही अजून मुदतीत आहात. हे ३० दिवस कधीपासून, ते कलमात नाही. म्हणून डिलिव्हरीपासून नको, बिलाच्या तारखेपासून मोजा. बिल चार-पाच दिवस आधीचं असेल, तर हातात जेमतेम तीन-चार दिवस उरले.

बिलावरच ४८ तास छापले असतील तर बाजू लंगडी होते, संपत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरी २१ दिवसांच्या गप्प बसण्याचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल.

चॅट बंद करा. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा : ऑर्डर, बिल आणि कुरिअरचा क्रमांक, फोटो, ‘बॅग परत घ्या, पूर्ण रक्कम द्या’. पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्यात, हे बंधन त्यांच्यावर आहे. कायद्यातले खरे ४८ तास हे.

खोका टाकलात, हे मात्र फार वाईट केलंत. लेबलवरचं वजन आणि टेप पुन्हा चिकटवल्याच्या खुणा त्याच्याबरोबर गेल्या. आता बुकिंगच्या वेळचं आणि शेवटच्या केंद्रावरचं वजन कुरिअरकडे लेखी मागा. बुकिंगलाच वजन कमी असेल तर घोळ गोदामात, मध्येच घटलं असेल तर वाटेत. ओटीपीने खोका मिळाला एवढंच सिद्ध होतं. घोळ वाटेतला निघाला आणि वाहतूकदारालाही ओढायचं असेल, तर त्याला बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस हवी.

दाद न मिळाल्यास ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून, तक्रार करा. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ४८ तासांची अट ‘अनुचित करार’ (ग्राहकावर अन्याय करणारा) आहे असा मुद्दा तिथे रेटू नका. ते ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि त्याच्या वरच्या आयोगाला दिला आहे. फोटो-ईमेलसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा. निकाल तीन महिन्यांत, असं कायदा म्हणतो. तारखा घेणाऱ्यांना ते कुणीतरी सांगायला हवं.

आणि बॅग न्यायला माणूस आला, तर वजन करून, व्हिडिओ काढून, सही घेतल्याशिवाय ती देऊ नका.