'टंचाई आराखडा', 'तरतूद' आणि 'बेगमी'

अंबाजोगाईच्या एका शिक्षिकेने विचारलंय: बातम्यांत 'टंचाई आराखडा' आणि 'पाण्याचं दीर्घकालीन नियोजन' एकाच अर्थाने येतात, ते बरोबर आहे का? आणि पुढच्या संकटाची आधीच सोय करून ठेवणं, याला आपला साधा शब्द कोणता?

बरोबर नाही. टंचाई आराखडा जिल्ह्यात दरवर्षी होतो आणि ऑक्टोबर ते जून एवढ्यापुरताच असतो, तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांनी. खासगी विहिरींचं अधिग्रहण, विंधन विहिरी, गाळ काढणं, नळयोजनेची विशेष दुरुस्ती आणि शेवटी टँकर. ही सगळी निवारणाची कामं. पाणी आटलेल्या गावाला ती लागतातच. पण वीस वर्षांनी इथं पाणी कुठून येणार, हा प्रश्न त्या कागदावर येतच नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडल्यावर केलेलं तेही निवारणच.

'दीर्घकालीन' हे विशेषण शोभतं एकात्मिक राज्य जल आराखड्याला. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात तो सांगितलाय आणि त्यात विचार होतो तो नद्यांच्या खोऱ्यांचा. 'आराखडा' दोन्हीकडे आल्यामुळे गल्लत होते.

आता साधा शब्द. 'तरतूद' चटकन सुचतो. मूळ अरबी 'तरद्दुद', म्हणजे येरझारा. पूर्वी तरतूद गडावरच्या दाणागोट्याचीही व्हायची. आज तो शब्द अर्थसंकल्पात अडकलाय. तरतूद झाली म्हणजे पैसे मांडले गेले, इतकंच.

मला 'बेगमी' जास्त नेमका वाटतो. सुगीत ज्वारी घरातल्या बळदात, जमिनीखालच्या पेवात साठवली जायची, कडब्याची गंज लागायची. ती एका सालात संपवायला नव्हे, पुढचं साल कसं जाईल याचा भरवसा नसायचा म्हणून. चांगल्या सालातच वाईट सालाचा हिशेब मांडणं हा या शब्दाचा गाभा आहे. जायकवाडी धरणाचा नाथसागर भरलेल्या वर्षी उसाला किती सोडायचं आणि पुढच्या सालाला किती राखायचं हे ठरवणं, म्हणजे पाण्याची बेगमी. शासनाच्या कागदांत हा शब्द यावा असं मला मनापासून वाटतं.

वापरताना एक ध्यानात ठेवा. 'पाण्याची बेगमी' आणि 'उन्हाळ्याची बेगमी' दोन्ही चालतात, पण 'दुष्काळाची बेगमी' कानाला खटकतं. तिथं 'दुष्काळासाठी बेगमी' लिहावं. उष्णतेच्या लाटेसारखं जिथं साठवायचं काहीच नसतं, तिथं 'पूर्वतयारी'च बरी.