रिकामा फ्लॅट, हातात २२ हजार आणि आई येणार

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. लातूर जिल्ह्यातून नोकरीसाठी पुण्यात आले. दोन वर्षं पीजीत काढली आणि आता मैत्रिणीबरोबर हडपसरला वन बीएचके भाड्यानं घेतलाय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं आणि करारनाम्याचा खर्च जाऊन माझ्याकडे २२ हजार उरलेत. मैत्रीण १० हजार घालेल. घरात ओटा, एक ट्यूबलाइट आणि पंख्यांचे नुसते हूक आहेत. ऑफिसातले म्हणतात, सगळं हप्त्यावर घे, नाहीतर फर्निचर भाड्यानं आण. महिन्याभरात आई-बाबा येणार आहेत. आईचे गुडघे दुखतात. असं ओकंबोकं घर तिला दाखवायची लाज वाटते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : अगं, आधी ती लाज बाजूला ठेव. घराचं भाडं तू स्वतःच्या पगारातून भरते आहेस, हे तुझ्या आईला दारातच दिसणार आहे.

यजमानांच्या बदल्यांमुळे आम्ही २६ वर्षांत नऊ भाड्याची घरं लावली आणि मोडली. नांदेड, जळगाव, सांगली, मग पुणे. त्यावरून सांगते, तुझा करार ११ महिन्यांचा असणार, तेव्हा जी वस्तू तीन जिने उतरवून टेम्पोत घालून पुढच्या घरात लावता येणार नाही, ती आत्ता घेऊच नकोस. सोफा नको, भुशाच्या बोर्डाचं वॉर्डरोब नको. ते बोर्ड एका पावसाळ्यात खालून फुगतं आणि एकदा खोललं की स्क्रू पुन्हा धरत नाही.

हप्त्याबद्दल माझं मत ठाम आहे. शून्य टक्के व्याज म्हणतात तिथे प्रोसेसिंग फी विचार, आणि रोखीनं घेतलं तर किती सूट मिळेल तेही विचार. फरक तिथेच कळेल. भाड्याचं फर्निचर तीन-चार महिन्यांसाठी ठीक. पण महिन्याला १,२०० धरले तरी ११ महिन्यांत १३,२०० जातात आणि शेवटी ते आपली खाट परत घेऊन जातात.

तुमच्या दोघींच्या ३२ हजारांतले पाच हजार आजच वेगळे काढा. नळ गळेल, कोणी आजारी पडेल, त्यासाठी ते हवेत. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळा: कुठलीही वस्तू अर्धी-अर्धी घेऊ नका. पंखे तिचे तर शेगडी तुझी, असं वहीत लिहून ठेवा. उद्या तिचं लग्न ठरलं किंवा तुझी बदली झाली, तर अर्धा फ्रिज कोणी कसा न्यायचा? यावरून जिवाभावाच्या मैत्रिणी बोलायच्या बंद झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आता खाट. डबल बेड घेऊ नका, ३ बाय ६ च्या दोन लोखंडी खाटा घ्या. जिन्याच्या वळणावर त्या उभ्या करून फिरवता येतात, आणि आई-बाबा आले की दोन्ही जोडून त्यांना द्यायच्या. खाट बघायला जाण्याआधी दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी टेपनं मोजून कागदावर लिहून ने. जुन्या खाटा हडपसरमध्येच चौकशी केलीस तर मिळतील. नाहीतर मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. टेम्पोवाल्याशी भाव करताना ‘तिसऱ्या मजल्यावर चढवून’ हे शब्द आधी वापर. नाहीतर खाली उतरवून ठेवल्यावर हमालीचा वेगळा वाद सुरू होतो.

जुनी लाकडी खाट कितीही स्वस्त मिळाली तरी डोळे झाकून घरात आणू नकोस. जळगावला आम्ही एक सागवानी पलंग घेतला होता. तिसऱ्या रात्री माझ्या धाकट्याच्या पाठीवर एका ओळीत लाल गांधी उठल्या. टॉर्च लावून पाहिलं, तर पायाच्या सांध्यात पेनाची शाई टिपल्यासारखे काळे ठिपके. ढेकूण. दोन महिने उकळतं पाणी ओतलं, उन्हात घातलं, तेव्हा कुठे आवरलं. म्हणून जुनी वस्तू दिवसाउजेडी बघ. सांध्यातून जुनं एटीएम कार्ड फिरव आणि त्याच्या कडेला काय लागतं ते पाहा. लोखंडी खाट असली तरी पाइपची उघडी टोकं टॉर्च मारून बघ. एकही काळा ठिपका दिसला तर नमस्कार करून पुढे चालायचं.

गादी मात्र जुनी घ्यायची नाही, कोणी फुकट दिली तरी नाही. जवळच्या गादी कारखान्यात जा आणि समोर उभं राहून कापसाची भरून घे. ३ बाय ६ च्या गादीला साधारण दहा किलो कापूस लागतो आणि तो वजन करून भरतात, त्यामुळे काट्याकडे लक्ष दे. खोळीत घालण्याआधी मूठभर कापूस मागून घे आणि दोन्ही हातांनी ओढ. चांगला कापूस ताणला जातो, त्याचे तंतू दिसतात. जुन्या गाद्यांचा परत पिंजलेला कापूस राखाडी असतो, पटकन तुटतो आणि तळहाताला धूळ सोडतो. टाके वीत-वीतभर अंतरावर घालायला सांग, नाहीतर सहा महिन्यांत कापूस कडेला गोळा होतो आणि मधे खड्डा पडतो. गादी दबली की दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून घेता येते. स्वस्त फोमची गादी एकदा बसली की टाकूनच द्यावी लागते. वर सोलापुरी चादर घाल. मच्छरदाणी पहिल्याच दिवशी लाव, ती चैनीची वस्तू नाही.

पंखे नवे घ्या. निजायच्या खोलीत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घ्या. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा तिशीच्या आसपास. रोज दहा तास चालला तर महिन्याला १२-१३ युनिटं वाचतात, आणि घर सोडताना पंखा काढून नेता येतो. बाहेरच्या खोलीत साधा चालेल.

स्वयंपाकाला शेगडी आणि ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. कुकर नवा आणि आयएसआय मार्कचा हवा, तिथे काटकसर करू नकोस. बाकी भांड्यांवर एक रुपया घालवण्याआधी आईला फोन कर. आपल्याकडे घरोघरी माळ्यावर आहेराच्या भांड्यांचं पोतं बांधून ठेवलेलं असतं. दोन पातेली, परात, पोळपाट-लाटणं, सांडशी आणि अंथरायला दोन वाकळा तिच्याकडूनच माग. मागितल्याचा तिला आनंदच होईल. उरलंसुरलं तुळशीबागेत, आणि हूक-दोरी-बादल्या रविवार पेठेत बोहरी आळीत.

फ्रिज दुसऱ्या पगारानंतर बघ. जुना घेतलास तर दारात नोट अडकवून दार लाव. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलेलं आहे. वॉशिंग मशीनचा विचार यंदा नको.

आणि करारनामा नोंदवलेला आहे ना, ते तपास. ती जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरमालकाची आहे. भिंतींचे, नळांचे फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर आजच पाठवून ठेव. खिळे ठोकण्याआधी विचार.

आता आई. तिला जमिनीवर बसवू नकोस आणि बीन बॅगसारखं काही आणू नकोस, त्यातून तिला उठता येणार नाही. हात असलेली एक मजबूत खुर्ची घे. बसायची जागा जमिनीपासून १८ इंच असू दे, खाटही गादीसकट तेवढीच उंच असली तर उत्तम. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण तुमच्याकडचा संडास भारतीय पद्धतीचा असेल तर सर्जिकल वस्तूंच्या दुकानात त्यावर ठेवायचं कमोड स्टूल मिळतं. त्याचे पाय रबरी टोपणांचे आहेत ना, ते हलवून बघ. पडद्यांचे पैसे त्यात गेले तरी चालतील, खिडकीला जुनी साडी लाव. पण स्टूल आई लातूरहून निघायच्या आधी घरात आलेलं असू दे.